नाचणीच्या यंत्राचा सत्कार

विधान परिषदेत मी एकच मुदत काढली. त्या काळात शिव्या पुष्कळ मिळाल्या, पण त्यांतल्या बहुतेक माझ्या पक्षाला उद्देशून असत. मी नुसता वाटेत उभा असे. खास माझ्या मापाने शिवलेल्या शिव्या देणारा माणूस एकच. पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला राहणारा एक शेतकरी. त्याने नाचणी साफ करायचं यंत्र बनवलं होतं आणि त्या यंत्राचं पेटंट आपल्या नावावर व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. ते होऊ नये याची चोख व्यवस्था मी केली. तीही शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन.

मी मूळचा महाडच्या एका हायस्कुलातला विज्ञानाचा मास्तर. पक्षाला एक शिकलेला चेहरा हवा होता आणि बाकीचे शिकलेले दुसऱ्या पक्षात होते, म्हणून मी. ते दिवस असे होते की मुंबईत ज्याच्या तोंडी बघावं त्याच्या माहिती तंत्रज्ञान. घरचा व्हीसीआर ज्यांना लावता येत नसे, असे मंत्रीसुद्धा संगणकयुगावर तास तास बोलत. राज्याने नव्या तंत्रज्ञानाला आणि गावोगावच्या संशोधकांना बळ कसं द्यावं, याच्या शिफारशी करायला सभागृहाची एक समिती नेमली गेली आणि तिच्यात माझं नाव आलं. पक्षकार्यालयातला बंद पडलेला माईक मी एकदा चालू करून दिला होता. माझं तेवढंच तंत्रज्ञान पक्षाला ठाऊक होतं. मी मात्र ते काम मनावर घेतलं. बायको म्हणाली, "तुम्ही एखादी गोष्ट मनावर घेतलीत की मला दुसऱ्या माणसाची काळजी वाटायला लागते."

समितीच्या अध्यक्षांनी प्रत्येक सदस्याला आपल्या भागातला एक खराखुरा संशोधक शोधून आणायला सांगितलं होतं. एकाने संगणकाच्या क्लासचा मालक आणला, दुसऱ्याने मेहुणा. मला काही सापडेना.

माझा उजवा हात म्हणावा असा एक कार्यकर्ता होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी त्याचं वर्कशॉप. कारखान्यांच्या टाक्या, पाइप, लोखंडी जिने असली कामं तो घेई. मंडप, जीप, माईक, माणसं, लागेल ते तो हजर करी, आणि हे सगळं तो का करतो असं मी त्याला कधी विचारलं नाही. राजकारणात हे विचारत नाहीत. भंगारातले कन्व्हेयर बेल्टचे तुकडे न्यायला पोलादपूरकडून एक विचित्र माणूस येतो, हे त्यानेच मला सांगितलं.

"विचित्र म्हणजे?"

"भाव करतो, पैसे देतो, पण कशाला पाहिजे ते सांगत नाही. साहेब, असा माणूस एक तर चोर असतो, नाहीतर संशोधक."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दारात.

उंच, कडक माणूस. माझ्यापेक्षा वयाने मोठा. मुंबईत एका कारखान्यात फिटर होता. वडील गेल्यावर जमीन बघायला परत आलेला. मी हात जोडून ओळख दिली. त्याने हात जोडले नाहीत.

"तुमी आमदार?"

"हो. परिषदेचा."

"म्हंजे आमी मत न देता झालेले."

"तसंच म्हणा."

"मंग बसा. हितंच बसा, पडवीत."

आत बोलावलं नाहीच. नाचणी म्हणजे त्या डोंगरातल्या बायकांचा जीव खाणारं धान्य. कणसं वाळवायची, झोडपायची, मग दाण्याला चिकटलेलं टरफल सोडवायला उखळात कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची. या गृहस्थाने एका आडव्या पिंपाला मोटर लावली होती. वरून कणसातून झोडपलेली नाचणी ओतायची, एका तोंडातून स्वच्छ दाणे येत, दुसऱ्यातून भुसा उडे. मी ओंजळीत दाणे घेतले आणि मास्तर असल्यामुळे लगेच विचारलं, "आत काय आहे?"

"आत मशीन हाय."

"म्हणजे रचना कशी आहे?"

"चांगली हाय."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अवो, मलाबी दाखवलं नाय त्यानं. ह्यांना काय दाखवतोय."

मग त्याने कारण सांगितलं. मुंबईच्या कारखान्यात एका फोरमनने मालकाला एक युक्ती दाखवली होती. ती मालकाच्या नावावर लागली आणि फोरमन होता तिथेच राहिला. "माझ्या नावाचा कागद व्हायला पायजे. तो झाल्याबिगर झाकण उघडणार नाय."

"पेटंटचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

"तुमच्यावर सोडाया तुमी काय देव हाव?"

असं बोलणारा माणूस मला फार आवडतो. म्हणजे दुसऱ्याशी बोलताना.

मुंबईत पेटंटचं काम बघणाऱ्या एक वकीलबाई मी शोधून काढल्या. त्यांनी फोनवर नीट सांगितलं: आकृत्या काढून पाठवा, मी अर्ज दाखल करते, तोवर यंत्र कोणालाही दाखवू नका. मी "अर्थातच" म्हटलं. हे वाक्य मला नीट ऐकू आलं होतं, नीट कळलं होतं, आणि मी ते प्रामाणिकपणे पाळलंही असतं. फक्त 'कोणालाही' म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर सूटबूट घातलेली, ब्रीफकेस घेतलेली माणसं आली. परदेशी कंपन्या, पुण्याचे शास्त्रज्ञ, असे कोणी. पोलादपूर तालुका त्या 'कोणी'त येतो, हे काही केल्या मनात आलं नाही. आपल्याच माणसांना दाखवणं म्हणजे काय दाखवणं झालं?

आकृत्या काढायला तो तयार झाला, पण स्वतःच काढणार, माझ्या माणसाकडून नाही. त्यात भातकापणी आली. इकडे समितीचे अध्यक्ष गोव्याहून परत येताना महाडवरून जाणार असं कळलं. आता आमच्या धंद्याचा एक नियम सांगतो. लोकप्रतिनिधीने केलेलं काम, त्याचा कार्यक्रम होईपर्यंत, झालेलं नसतं. रस्ता खडीचा असो की संशोधनाचा. शाल नाही, नारळ नाही, तर मग तुम्ही केलंत काय? मी कार्यक्रम ठरवला: 'डोंगरातल्या संशोधकाचा जाहीर सत्कार.'

तो म्हणाला, "मला सत्कार नको."

मी गावकीकडे गेलो. गावकी म्हणजे आमच्याकडची गावातल्या मानकऱ्यांची बैठक. तहसीलदाराला माणूस नाही म्हणू शकतो, गावकीला नाही. शिमग्यात पालखी दारावरून सरळ पुढे निघून गेली, तर वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नाही. गावकीला मी सांगितलं की अध्यक्ष आले तर वरच्या वाडीच्या रस्त्याचं त्यांच्या कानावर घालता येईल. मग गावकीने त्याला बोलावलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मशीन आणीन. चालवून दावीन. झाकण बंद."

"झाकण बंद," मी म्हणालो.

शाळेच्या पटांगणात मंडप पडला. मंडप अर्थात माझ्या उजव्या हाताने घातला होता. शाळेची पोरं ओळीत बसली, फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्' लिहिलं, ढोल-सनईचा खालूबाजा आणवला. सगळं होतं, अध्यक्ष नव्हते. त्यांची गाडी चिपळूणपाशी अडकली होती. लोक उठून जाऊ नयेत म्हणून मी तंत्रज्ञान धोरणावर बोलायला उभा राहिलो, आणि मी इतका वेळ बोललो की अखेर मला स्वतःलाच पटेनासं झालं. एक म्हातारा पुढच्या रांगेतून म्हणाला, "मास्तर, शाळा सुटली का आता?" पोरं हसली. यंत्र दोनदा चालवून दाखवलं. आणलेली नाचणी संपली.

अध्यक्ष आले ते घाईतच. तेवढ्या घाईत सत्कार. मी त्याच्या डोक्याला फेटा बांधवला, तो सैल बसून भुवयांवर उतरला. खांद्यावर शाल. एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात पुष्पगुच्छ. सत्कारमूर्ती म्हणजे दोन्ही हात बांधलेला माणूस, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. अध्यक्ष यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले, "हे आत काय करतं पण?"

महाडच्या एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर पुढे आला. "साहेब, आतलं दिसू द्या. नाहीतर फोटोत नुसतं पिंप येतंय. लोक म्हणतील, पिंपाचा सत्कार केला."

त्याचं खरं होतं. मला एखाद्याचं बरोबर आहे असं वाटलं की माझे हात आपोआप चालतात. मी नट सोडले. त्याने आरडाओरडा केला असणार, पण खालूबाजा ऐन रंगात होता. झाकण वर गेलं. आत बेल्टच्या पट्ट्या तिरक्या लावलेल्या होत्या, एकीआड एक उलट्या दिशेला. माझ्या उजव्या हाताने बॅटरीचा झोत आत धरला आणि मी, अध्यक्षांना आणि सगळ्या तालुक्याला, त्या पट्ट्या तिरक्या का आहेत, उलट्या का आहेत, दाणा कुठे घासतो आणि टरफल कुठे सुटतं, हे समजावून सांगितलं. पहिल्यांदाच बघत होतो, पण बघताक्षणी कळलं. मास्तर म्हणून मी चांगला होतो. सगळ्यांना समजलं.

बाजा थांबला तेव्हा त्याचं वाक्य मध्येच ऐकू आलं. "...तुज्या आयला, सोड ते." मग त्याने नारळ अध्यक्षांच्या हातात दिला, गुच्छ माझ्या, झाकण लावलं, आणि शाल पांघरून झाकणावर बसला. पटांगण रिकामं होईपर्यंत तो उठला नाही. अध्यक्ष गाडीत बसताना म्हणाले, "स्वाभिमानी माणूस आहे." रस्त्याचं काढायचं राहून गेलं.

साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर फोटो आला. उघडं पिंप, त्यातल्या तिरक्या पट्ट्या स्पष्ट, त्यांच्याकडे दाखवणारा माझा हात, आणि शेजारी फेटा बांधलेला तो, तोंड उघडं. तो ओरडत होता. फोटोत मात्र खदखदून हसतोय असं दिसत होतं. खाली माझं भाषण, एकही मुद्दा न गाळता. मी अभिमानाने ते कात्रण वकीलबाईंना पाठवलं.

त्यांचा फोन आला. "हे छापून आलंय?"

"पहिल्या पानावर."

"अहो, मग आता त्यात नवीन काय राहिलं? अर्ज करायच्या आधी तुम्ही जगाला सांगून मोकळे झालात. जाहीर झालेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही."

"जग नव्हतं हो. पोलादपूर तालुका होता."

"कायद्याला तालुका वेगळा दिसत नाही."

केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या एखाद्या प्रदर्शनात दाखवलं असतं तर सवलत होती, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, आमच्या शाळेच्या पटांगणाला मागाहून तसा दर्जा मिळवता येईल का? त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथे कायदे करता ना?"

तरी एक वाट त्यांनी सांगितली. त्याच्या संमतीशिवाय कोणीतरी हे उघडं केलं, असं सिद्ध झालं आणि अर्ज लगेच दाखल केला, तर काही होऊ शकेल. मी म्हणालो, मी स्वतः लिहून देतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही द्याल. पण फोटोत तो फेटा बांधून हसतोय. त्याची संमती नव्हती, असं सांगणारे चार तटस्थ लोक आणा."

तटस्थ लोक म्हणजे गावकी. मी वर गेलो. गावकीच्या म्हाताऱ्यांनी मला पान दिलं आणि सांगितलं की तो राजीखुशीने आला होता. "आमी त्याला इचारलं, तो हो बोलला. आता नाय बोलला असं सांगितलं तर आमी जबरदस्ती केली असं व्हईल. मास्तर, तुमी झाकण उघडलंत, तुमचं तुमी निस्तरा. आनि रस्त्याचं काय?"

मग त्याच्या दारात जाऊन सगळं सांगणं भाग होतं. या वेळी त्याने पडवीतही बसवलं नाही. अंगणात उभ्यानेच बोलणं झालं. शिव्या देईल म्हणून मी तयारीने गेलो होतो. त्याने दिल्या नाहीत, आणि त्यामुळे माझी फार गैरसोय झाली.

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

"चूक कुठली. तुमचा फोटू आला. तुमचं काम झालं."

"मी काहीतरी मार्ग काढतो."

"आता काय काढू नका. तुमी काढायला लागलात का माझं कायतरी जातं."

त्याच्या बायकोने तांब्या आणला होता. मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, "पाणी झालं. निघा आता, खाली उतरेस्तोवर अंधार पडंल." दुपारचे दोन वाजले होते.

मी तरीही सुधारलो नाही, हे सांगायला हवं. समितीच्या पुढच्या बैठकीत मी एक कलम सुचवलं: संशोधकाचा अर्ज दाखल होईपर्यंत कोणत्याही लोकप्रतिनिधीने त्याचा जाहीर सत्कार करू नये. अधिकारी खाली मान घालून लिहायला लागले, बहुधा हसू लपवायला. सदस्य मात्र खवळले. मेहुणा आणणारे गृहस्थ म्हणाले, "सत्कार करायचे नाहीत, तर आम्ही तालुक्यात करायचं काय?" दुसरे म्हणाले, "ह्यांच्या हातून एक चूक झाली म्हणून आम्ही सगळ्यांनी हात बांधून बसायचं का?" अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "तुमची तळमळ कळते. पण कलमात तुमचाच कार्यक्रम दिसतो, आणि त्यात मीही होतो." कलम गेलं. त्याच्या जागी 'संशोधकांचा यथोचित गौरव करण्यात यावा' असं आलं, आणि ते एकमताने मंजूर झालं. हात मीही वर केला होता. सवयीने.

पुढच्या हिवाळ्यात तुडीलला एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. प्रसाद घेतल्यावर यजमान म्हणाले, "या, एक गंमत दाखवतो. नवीन मशीन घेतलंय." गोठ्याशेजारी ते उभं होतं. निळा रंग, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत माझ्या उजव्या हाताच्या वर्कशॉपचं नाव. मी झाकण उघडलं. आता उघडून कोणाचं नुकसान व्हायचं नव्हतं. आत तिरक्या पट्ट्या, एकीआड एक उलट्या.

मी तिथून सरळ वर्कशॉपवर गेलो. पाळी सुटली होती. कारखान्यांतली माणसं मोटरसायकलींवरून घरी चालली होती, आणि हा फाटकात खुर्ची टाकून बसला होता.

"हे काय केलंस तू?"

"साहेब, बसा ना. चहा सांगू?"

"ते यंत्र त्याचं आहे."

"त्याचं कसं? तुम्हीच तर सगळ्यांना शिकवलंत. मी बॅटरी धरून उभा होतो, मला जरा जवळून दिसलं, एवढंच." मग खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "आणि उगाच गावभर बोलू नका. मी पेटंटचा अर्ज टाकलाय. तंत्रज्ञानाला प्रोत्साहन द्यायचं धोरण तुमचंच आहे ना? मग द्या की प्रोत्साहन."

एवढं चोख उत्तर त्याला आपोआप सुचलं असेल असं मला वाटत नाही. त्याने ते तयार ठेवलं असणार. मंडप, जीप, माईक या सगळ्यांची किंमत त्याने एका वाक्यात वसूल केली.

वकीलबाईंना फोन केला. त्या पहिल्यांदाच खूश झालेल्या वाटल्या. "मग हरकत घ्या. जी बातमी तुमच्या शेतकऱ्याच्या आड आली, तीच याच्याही आड येईल. त्याच्या अर्जाच्या आधी हे छापून आलंय. तुम्ही स्वतः या आणि सांगा की त्या दिवशी काय दाखवलंत."

"मग पेटंट शेतकऱ्याला मिळेल?"

"नाही. कोणालाच मिळणार नाही. पण यालाही मिळणार नाही."

हे मी वर जाऊन शेतकऱ्याला सांगितलं. तो बांध घालत होता. फावडं न ठेवता ऐकलं.

"म्हंजे माझं होणार नाय."

"नाही."

"त्याचंबी नाय."

"नाही. सगळ्यांचं होईल. कोणीही बनवेल."

"कोणीबी म्हंजे तोबी."

"तोही. पण त्याच्या एकट्याचं नाही. नाहीतर उद्या तुम्ही तुमचंच यंत्र चालवलंत, तर तो तुमच्यावर दावा लावेल."

त्याची बायको बांधावर येऊन उभी राहिली होती. तिने त्याला विचारलं, "आपलं आपल्याला चालवाया त्याला इचारायचं?" त्याने फावडं चिखलात रोवलं आणि मला म्हणाला, "येतो. गाडी तुमची. वाटंत बोलायचं नाय."

आमच्या हरकतीवरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी पक्षाच्या तालुकाप्रमुखाने मला घरी गाठलं. "मास्तर, त्याच्याच मंडपांखाली उभं राहून तुम्ही आमदार झालात. आता त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला जाताय?" मी म्हणालो, साक्ष त्याच्याविरुद्ध नाही, माझ्याविरुद्ध आहे. हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्याला आवडलं नाही. पुढची मुदत मला मिळाली नाही. त्याला आणखीही कारणं होती, पण त्यांतलं हेच मला जास्त शोभून दिसतं, म्हणून मी सगळीकडे हेच सांगतो.

मुंबईपर्यंत शेतकरी खरोखर एक अक्षर बोलला नाही. पेणला मी वडापाव आणला, तो त्याने घेतला, स्वतःचे पैसे माझ्या पुढ्यात ठेवले आणि खिडकीकडे तोंड करून खाल्ला. मी रेडिओ लावला तर त्याने बंद केला. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसल्याचं दुसरं उदाहरण नाही. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्या माणसाला भेटायला हवं.

पेटंट कार्यालयातल्या खोलीत माझा जुना उजवा हात आपल्या वकिलाशेजारी बसला होता. तो शेतकऱ्याकडे बघून हसला. शेतकऱ्याने त्याच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, अगदी त्याच नजरेने.

समोरच्या वकिलाने साप्ताहिकाचं पान माझ्यापुढे धरलं. "हा हात तुमचा?"

"माझा."

"तुम्ही इंजिनिअर आहात?"

"नाही. मास्तर होतो."

"म्हणजे यंत्राच्या रचनेतलं तुम्हाला नीट कळलं असेलच असं नाही. तुम्ही काहीतरी मोघम सांगितलं असेल."

"मी मोघम सांगितलं असतं, तर तुमच्या अशिलाला बनवता आलं नसतं."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. वकिलाने पान खाली ठेवलं. पुढे बराच वेळ कायद्याचं बोलणं झालं, ते मला कळलं नाही. ज्या गोष्टींच्या समितीवर मी होतो त्यांतलं खरं काम दुसरीकडे कुठेतरी चालतं, एवढं मात्र तिथे कळलं. माझा स्वतःचा अंदाज असा की मी याहून अधिक ठामपणे कधीच कोणाच्या विरुद्ध बोललो नव्हतो, आणि तो 'कोणी' म्हणजे मीच.

निकाल काही महिन्यांनी लागला. वकीलबाईंचा फोन आला: वर्कशॉपवाल्याचा अर्ज नाकारला. मी गाडी काढली आणि वर गेलो. त्या वेळी उगाच वाटत होतं की निदान आज तरी पडवीत बसायला मिळेल.

तो घरामागच्या शेतात होता. मी बांधावर उभा राहून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं. त्याची बायको म्हणाली, "झालं म्हंजे?" तो म्हणाला, "झालं. कोणाचंच नाय." ती जरा हसली, पण माझ्याकडे नाही, खालच्या दिशेला, महाडकडे बघून, आणि ते हसू चांगलं नव्हतं. मला ते बघून बरं वाटलं, हे लपवत नाही.

"आता कोणीबी बनवलं तर चालंल?" त्याने मला विचारलं.

"कोणीही."

"गावातल्या लोकांनी?"

"हो."

"तुमीबी?"

"मीसुद्धा."

"तुमी बनवू नका," तो म्हणाला. "बाकी कोणीबी बनवू दे."

मी बरं म्हटलं. त्याला उत्तर नको होतं. तो वळून कामाला लागला होता. चहाचं कोणी विचारलं नाही. गाडी वळवायला वर जागा नव्हती, म्हणून मी ती अरुंद वाटेने मागे मागे घेत खाली आणली, एकदा दगडी गडग्याला घासली, एकदा चाक गटारात गेलं. तो बांधावर उभा राहून सगळं बघत होता. हात दाखवून डावीकडे, उजवीकडे असं सांगणं त्याला सहज जमलं असतं.